एका वाफेत न्हालेल्या दोन सुया

झाकणाला हात लावू नका, मित्रांनो. आता मी गारच असतो, भाजणार नाही. पण जुनी सवय आहे, आधी दटावतो आणि मग बोलतो. मी एक जुना वाफेचा डबा आहे. डॉक्टर मंडळी मला ऑटोक्लेव्ह म्हणतात. तुमच्या स्वयंपाकघरात शिट्ट्या मारणारा कुकर आहे ना, तो माझा धाकटा चुलतभाऊ. तो डाळ शिजवतो, मी अवजारं शिजवतो. त्याची डाळ कच्ची राहिली तर जेवणारा तोंड वाकडं करतो. माझं काम कच्चं राहिलं तर एखादा आयुष्यातून उठतो. म्हणून माझा स्वभाव तापट आहे आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

माझा जन्म अलेक्झांड्रियाच्या एका कारखान्यात झाला. जाड पोलादाचं पोट, जड झाकण, झाकणाला घट्ट आवळायच्या चाव्या आणि डोक्यावर दाब दाखवणारा काटा. समुद्राची हवा मला फार लाभली नाही. लगेच आगगाडीत घालून मला दक्षिणेला मिन्या शहरात पाठवलं आणि एका दातांच्या दवाखान्यात माझी नेमणूक झाली. तिथे इरीनी नावाची मुलगी डॉक्टरांच्या हाताखाली काम करायची. ती चिमटे घासायची, कागदी पाकिटात घालून चिकटवायची आणि माझ्या पोटात रचायची. पाकिटावर एक फिकट पट्टी असते. वाफ पुरेशी तापली आणि पुरेसा वेळ टिकली तरच ती काळी होते. पट्टी काळी झाली नाही, तर आतलं अवजार कितीही चकाकत असलं तरी ते वापरायचं नाही. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, दृष्टिआड सृष्टी. म्हणून पट्टीच्या डोळ्यांनी बघायचं. इरीनी मला चढवायची आणि काट्याकडे बघत ओठांतल्या ओठांत गाणं म्हणायची. मला तिचं गाणं आवडायचं. सूर यथातथाच होता, पण काटा खाली आला की ती गाणं सोडून आधी आच वाढवायची.

मग दवाखान्यात विजेवर चालणारा, बटणांचा नवा डबा आला. कानामागून आला आणि तिखट झाला! मला जिन्याखाली ठेवलं. कुणीतरी माझ्या झाकणावर तुळशीसारख्या वासाच्या रैहानची कुंडी ठेवून दिली. रोज तिला पाणी घालायचे आणि ते ओघळून माझ्या चाव्यांवर यायचं. मला तेव्हा फार वाईट वाटायचं, मित्रांनो. काम करून दमलेला माणूस निदान झोपतो. काम नसलेल्याला झोपही येत नाही.

तिथून मला बाहेर काढलं ते इरीनीनेच. ती डॉक्टरांना म्हणाली, "हा जुना डबा मला द्या. मी नोकरी सोडतेय. बाबांच्या जागेवर बसणार आहे."

तिचे बाबा म्हणजे घत्तास. नाईलच्या पलीकडे, पांढऱ्या डोंगरावर मरियम मातेचा मठ आहे. दर उन्हाळ्यात तिथे जत्रा भरते. आमच्याकडच्या कॉप्टिक ख्रिस्ती माणसाच्या उजव्या मनगटावर आतल्या बाजूला छोटा क्रूस गोंदलेला असतो आणि पुष्कळांचा तो या जत्रेतच गोंदलेला असतो. घत्तास तिथे तंबूखाली बसून गोंदायचे. त्यांचा हात इतका हलका की मूल रडायला तोंड उघडेपर्यंत क्रूस पुरा व्हायचा. सुई मात्र दिवसभर एकच, या मनगटावरून त्या मनगटावर. मधे ते ती एका वाटीत बुडवायचे. वाटीत मरियम मातेच्या दिव्यातलं तेल असायचं.

"या तेलापुढे कुठला रोग टिकतो?" असं घत्तास म्हणायचे आणि रांगेतले सगळे मान डोलवायचे. जत्रेतला प्रत्येक गोंदणारा हेच करत होता. त्यात लबाडी नव्हती हो, भक्ती होती. सुई त्यांच्याच बोटाला टोचली की ते बोट तोंडात घालून हसायचे.

पुढे त्यांचे डोळे पिवळे झाले. पोट फुगलं. यकृताचा आजार आहे, रक्तातून रक्तात जातो, असं डॉक्टर म्हणाले. तो त्यांना कुणाच्या मनगटावरून आला आणि त्यांच्याकडून कुणाकडे गेला, ते आता कुणालाच कळणार नाही. तेल पवित्र होतं, यात शंकाच नाही. पण रोगाने तेलाचा मान ठेवला नाही. त्या वर्षीच्या जत्रेआधी घत्तास गेले आणि इरीनीने त्यांचं गोंदायचं यंत्र उचललं.

त्याच सुमारास मठाच्या फाटकावर आरोग्य खात्याची पाटी लागली. प्रत्येक माणसाला नवी सुई. सुई वाफेतून काढलेली असावी आणि तिचं पाकीट माणसासमोर उघडावं. रंग लहान टोपणात काढावा आणि उरलेला फेकून द्यावा, बाटलीत परत ओतू नये. हातमोजे घालावेत. वापरलेली सुई जाड डब्यात टाकावी. वाफेचा डबा नसेल त्याने जत्रेच्या आवारात बसूच नये.

हे वाचून गोंदणाऱ्यांनी जो गलका केला! त्यातले फानूस काका सर्वांत मोठ्या आवाजाचे. "आता काय, सुईलाही हमामात न्यायचं? साबण लावू, की पाठ चोळू?" सगळे खो खो हसले. तेव्हापासून जत्रेत माझं नाव 'इरीनीचं हमाम' पडलं. मी फुसफुसलो, पण फानूस काकांच्या कानांवर काही गेलं नाही. ते आपली वाटी आणि सुई घेऊन आवाराबाहेर, फुटाणेवाल्यांच्या मागे जाऊन बसले आणि तिथेही त्यांच्यापुढे रांग लागली.

आता मी तुम्हाला त्या दुपारची गोष्ट सांगतो. माझ्या आयुष्यात ती नसती, तर मी बोललोही नसतो.

मरियम मातेचा उपवास चालू होता. ऊन असं की पांढरा डोंगर डोळ्यांत खुपत होता. मी गॅसच्या शेगडीवर बसलो होतो. तेवढ्यात काळ्या कपड्यांतली एक म्हातारी तंबूत शिरली. तिचं नाव रिफ्का. मागे तिची तरणी विधवा सून मर्सा आणि मर्साचं बोट धरून चार वर्षांची युस्तीना. युस्तीनाच्या एका गालात साखरेचा फुटाणा होता.

"घत्तासची पोर ना तू?" रिफ्का म्हणाली. "बस नीट. माझ्या नातीला क्रूस घालायचाय."

"या मावशी, बसा," इरीनी म्हणाली.

रिफ्काने छातीशी धरलेला रुमाल उलगडला. तेलाने पिवळा पडलेला तो रुमाल, आणि त्यात एक सुई. गंजलेली, टोकाशी किंचित वाकलेली. "ही वापरायची," ती म्हणाली. "माझ्या नशीदला हिनेच गोंदलं होतं, याच जागी, तुझ्या बापाने. कार्टं असं लाथाडलं की सुईच वाकली. घत्तास हसला आणि म्हणाला, घे आई, पोराची आठवण म्हणून ठेव. ठेवली बघ."

नशीद म्हणजे रिफ्काचा मुलगा, युस्तीनाचा बाप. चुनखडीच्या खाणीत दगड काढायचा. मर्साचे दिवस भरत आले होते तेव्हा वरचा कडा सुटला आणि नशीद त्याखाली गेला. पोरीने बापाचं तोंड पाहिलं नाही आणि बापाने पोरीचं.

"सुई तीच लागली म्हणजे बापाचं नि लेकीचं रक्त भेटेल," रिफ्का म्हणाली. "दुसरं काय आहे गं माझ्याकडे द्यायला?"

इरीनीने सुई हातमोज्यातल्या बोटांवर घेतली. सुईच्या मागच्या टोकाला, ती यंत्रात बसावी म्हणून, कथलाचा डाक दिल्याचा एक गोळा होता, थोडा उजवीकडे कललेला. घत्तासचा डाक नेहमी तसाच कलायचा. इरीनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या एका गंजक्या काडीत रिफ्काचा लेक होता आणि इरीनीचे बाबाही होते. 'कर ना बाई,' असं मलाही क्षणभर वाटलं. मी पोलादाचा असलो तरी दगडाचा नाही.

"नाही, मावशी," इरीनी म्हणाली. "ही सुई मी हिच्या मनगटाला लावणार नाही."

"तेलात आहे ती! आजवर तेलातच ठेवलीय!"

"बाबांचीही तेलातच असायची."

"तुझ्या बापाने कुणाला कधी नाही म्हटलं नाही."

"म्हणूनच ते आज इथे नाहीत," इरीनी म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला. "मावशी, गंज आहे हिच्यावर. घासली, उकळली, काहीही केलं, तरी गंजाने पडलेले खड्डे बुजत नाहीत. तिची कातडी फाटेल. जखम चिघळेल. तुम्ही मला मारलंत तरी मी हे करणार नाही."

रिफ्का ताडकन उठली. "अगं वा गं शहाणी! तुझा बाप्तिस्मा विसरलीस वाटतं? तू आणि माझा नशीद एकाच दिवशी, एकाच कुंडात, एकाच पाण्यात बुडवलेले. अबूनांनी, आपल्या पाद्रीबाबांनी, आधी त्याला काढलं आणि मग तुला घातलं. भावंडं तुम्ही! तुझी आई म्हणायची, बरं झालं, आता यांचं लग्न ठरवायची कटकट नाही, एका पाण्यातल्यांची सोयरीक होत नाही. बहीण म्हणवतेस आणि भावाच्या लेकीला दारातून परत पाठवतेस? चल गं मर्सा. फानूस आहे तिकडे. तो माणसासारखा माणूस आहे."

ती निघालीसुद्धा. मर्सा मात्र जागची हलली नाही. ती इरीनीच्या कानाशी आली आणि पुटपुटली, "ताई, मला भीती वाटते त्या सुईची. पण सासूबाईंना नाही कसं म्हणू? खाणीतून यांना बाहेर काढलं तेव्हा सासूबाईंना चेहरासुद्धा बघू दिला नाही. त्या सुईशिवाय त्यांच्याकडे लेकाचं काहीच नाही. काहीतरी करा ना."

मित्रांनो, नियम पाटीवर लिहिणं सोपं असतं. तो पाळायचा असतो तो असल्या वेळी. इरीनी नुसती 'नाही' म्हणून गप्प बसली असती तर तिचे हात स्वच्छ राहिले असते आणि ती पोर फानूस काकांच्या वाटीपुढे जाऊन बसली असती. मी आतून उकळत होतो. इरीनी माझ्याकडे बघत उभी राहिली. माझ्या झाकणाखालून वाफेची एक बारीक रेघ निघाली होती.

"मावशी!" ती एकदम ओरडली. "थांबा! एक विचारते, मग खुशाल जा."

रिफ्का तंबूच्या दोरीशी थांबली. वळली नाही.

"मी आणि नशीद एका आईच्या पोटचे नव्हतो. तरी आम्ही भावंडं कशी?"

"पाणी एक होतं म्हणून. हे काय विचारणं झालं?"

"अंगाला अंग लागलं नव्हतं आमचं. तो बाहेर आला आणि मी आत गेले. नुसतं पाणी एक होतं, एवढ्यावर तुम्ही मला त्याची बहीण म्हणता. मग नशीदची सुई आणि युस्तीनाची सुई एका वाफेत न्हाल्या, तर त्या कोण होतील एकमेकींच्या?"

रिफ्का वळली. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्याच्यात?"

"ह्याच्यात. पाणी मठाच्या विहिरीचं आहे. तुमची सुई थोरली, हिची धाकटी. दोघी एकत्र न्हातील. गोंदेन मात्र मी धाकटीनेच. थोरली तुमच्या हातात राहील."

"आणि तेल?"

"तेल तिच्या कपाळाला लावा, मावशी. तेलाची जागा ती."

रिफ्का परत येऊन उकिडवी बसली. "हमामातच घालायचं म्हण की माझ्या पोराला," ती पुटपुटली. पण रुमाल पुढे केला.

इरीनीने थोरली सुई ब्रशने घासली. खपली निघाली, खड्डे राहिले. ती वेगळ्या पाकिटात, वेगळ्या खणात. धाकटी नवीकोरी, दुसऱ्या पाकिटात. एक सांगतो, दुकानातून आणलेली सुई नवी असते, पण निर्जंतुक असतेच असं नाही; हे इरीनीला ठाऊक होतं. तिने झाकण लावलं, समोरासमोरच्या चाव्या एकेक करून आवळल्या आणि आच मोठी केली.

आणि मित्रांनो, मी घाबरलो. खरंच घाबरलो. माझं रबराचं कडं तेव्हाच जरा ताठर झालं होतं. दाब टिकला नाही तर? पट्टी पांढरीच राहिली तर? ही म्हातारी दुसऱ्यांदा थांबणार नव्हती. माझ्या पोटात एका आईचा अख्खा लेक होता.

बाहेर ढोल वाजत होते. ताअमियाचे गरम वडे तळल्याचा वास येत होता. रिफ्का माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि माझ्याशी बोलू लागली.

"फुसफुसतोस काय नुसता? शिजलं का?"

"आजी, तो डबा आहे," युस्तीना म्हणाली.

"माहितेय मला. तुझ्या बापाशी बोलतेय." मग तिचा आवाज उतरला. "नशीद, बाळा, फार गरम असलं तर सांग."

मर्साने तोंडावर ओढणी घेतली. इरीनी काट्याकडे बघत होती आणि ओठांतल्या ओठांत तेच जुनं बेसूर गाणं म्हणत होती. मी दाब असा धरून ठेवला, जसा कधीच धरला नव्हता. आच बंद झाल्यावर रिफ्काने लगेच झाकणाकडे हात नेला. "अहो मावशी, भाजाल! गार होऊ द्या त्याला!" इरीनी ओरडली. रिफ्काने हात आखडला आणि मला म्हणाली, "बापावर गेलाय, तापट." कुणाच्या बापावर, ते मला आजवर कळलेलं नाही.

झाकण उघडलं. इरीनीने दोन्ही पाकिटं वर धरली.

दोन्ही पट्ट्या काळ्याभोर होत्या.

थोरलीचं पाकीट इरीनीने न उघडता रिफ्काच्या तळहातावर ठेवलं. अजून कोमट होतं. रिफ्काने ते गालाला लावलं. धाकटीचं पाकीट सर्वांसमोर फाडलं, टोपणात रंग काढला, नवे हातमोजे चढवले.

"दुखेल का गं?" युस्तीनाने विचारलं.

"खोटं नाही सांगत. चिमटा काढल्यासारखं दुखेल."

"बाबा रडले होते?"

"रडला नाही. लाथ मारली," रिफ्का म्हणाली. "तू मारू नकोस."

एका हाताने तिने नातीचा डावा हात धरला, दुसऱ्या हातात ते पाकीट. यंत्र गुणगुणलं. युस्तीना ओठ चावून बसली. क्रूस पुरा झाला तेव्हा तिने मान वर केली आणि वैतागून म्हणाली, "आजी, टोचलं मला आणि रडतेस तू?"

तंबूतले सगळे हसले. रिफ्काही हसली, रडता रडता. मग तिने इरीनीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "घत्तासची पोर शोभतेस. त्याच्याहून कजाग आहेस, पण शोभतेस."

ही गोष्ट जत्रेत पसरायला कितीसा वेळ लागणार? पुढल्या जत्रेत बायका आपापल्या रुमालातल्या सुया घेऊन आल्या. नवऱ्याच्या, भावाच्या, परदेशी गेलेल्या लेकाच्या. थोरल्या पाकिटात, धाकट्या कामाला. आरोग्य खात्याचा माणूस तपासायला आला तेव्हा रांगेतल्या म्हाताऱ्याच त्याला काळी पट्टी दाखवू लागल्या. आणि एका सकाळी खुद्द फानूस काका तंबूशी येऊन खाकरले. रांग आटली होती त्यांची. "पोरी," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "माझ्याही मूठभर सुया घालशील का तुझ्या हमामात?"

"साबण लावू, की पाठ चोळू, काका?" इरीनीने विचारलं आणि त्यांच्या हातातल्या सुया घेतल्या.

जत्रा नसली की आम्ही मिन्यातल्या खोलीत असायचो. तिथे बायका भुवया गोंदवून घ्यायला यायच्या. कुणी लग्नाआधी, हौसेने. कुणाच्या भुवया मोठ्या आजाराच्या औषधांनी गळलेल्या असायच्या. त्या आरशात बघून इरीनीला मिठी मारायच्या. अशा अशक्त माणसांना तर जरासा जंतूही सोसत नाही. त्या दिवसांत मी जास्तच शिस्तीने वागायचो.

मग एके दिवशी माझ्या पोटातून पाकिटं निघाली आणि पट्टी काळी झाली नव्हती. इरीनीने रबर बदललं. तरी नाही. झाकणच वाकलं होतं. तिने माझ्यावर हात फिरवला. मला वाटलं, इतक्या वर्षांची सोबत, ती म्हणेल, चालतंय, थोडी करडी तरी झालीय ना! पण तिने ती सगळी पाकिटं बाजूला काढली आणि शेगडी बंद केली. "बस्स झालं, म्हाताऱ्या," ती म्हणाली. तिने माझ्यासाठीही नियम वाकवला नाही. मला राग आला नाही. उलट असं वाटलं की हिच्याकडे आयुष्य घालवलं, ते बरं केलं.

आता कोपऱ्यातल्या फळीवर असतो. माझ्यावर रैहानची कुंडी ठेवायची कुणाची टाप नाही. कामाला नवा डबा आहे. त्याला मी रोज सूचना करतो, तो ऐकत नाही. आणि नव्या डब्याशेजारी हातमोजे घालून कोण बसतं, माहितेय? युस्तीना. गोंदण शिकतेय इरीनीकडे. गाणं मात्र स्वतःचं म्हणते, सुरात.

परवा ती काळ्या कपड्यांत आली. रिफ्का गेली. उशीखाली सापडलं म्हणून तिने ते पाकीट इरीनीपुढे ठेवलं. कडा झिजलेल्या, कागद हाताळून हाताळून मऊ झालेला, पण पट्टी तशीच काळी. आणि पाकीट तसंच बंद. एवढ्या वर्षांत म्हातारीने ते एकदाही फाडलं नव्हतं.

"मी एकदा म्हटलं होतं, आजी, उघडून हात लाव ना त्याला," युस्तीना म्हणाली. "तर म्हणाली, वेडी का गं तू? आत तो स्वच्छ आहे. राहू दे."

इरीनीने माझं झाकण उघडलं आणि ते पाकीट माझ्या पोटात ठेवलं. तिथे आता वाफ नाही, पण ऊब आहे, असं मला वाटतं.

मित्रांनो, तुम्ही कधी अंगावर नाव गोंदवाल, भुवई रेखवाल, कुणाची आठवण कोरून घ्याल. जरूर घ्या. फक्त बसण्याआधी विचारा: सुई नवी आहे का? पाकीट माझ्यासमोर फोडाल का? पट्टी काळी आहे का? विचारायला लाजू नका आणि समोरचा चिडला तर उठून या. आमची रिफ्का आजी म्हातारी होती, हट्टी होती, लेकासाठी वेडी झाली होती. ती दोरीपाशी थांबली. तुम्हीही थांबा.